भाऊंचे हात

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे घरातल्या लहानथोर सर्वांच्या भाऊंना, जाऊन या पर्युषणात एक वर्ष पूर्ण होईल. त्यांच्याविषयी काही लिहावे असे दोघातिघांनी सुचवले. संघातील पदे, सत्कार, देणग्यांच्या पाट्या असे सांगण्यासारखे त्यांच्या आयुष्यात फारसे नव्हते. होते ते हातांचे काम. आपल्या व्यापारी घरांत ते सहसा मोजले जात नाही, म्हणूनच लिहिते आहे.

भाऊ 1968 साली नगर जिल्ह्यातून कल्याणला आले. थोरल्या बंधूंची बाजारपेठेत कापडाची पेढी होती. गादीवर बसावे, गिऱ्हाईक सांभाळावे, खतावणी लिहावी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. पण शटर अडकले, पंखा कुरकुरला की भाऊ गादीवरून उठत. चार वर्षांनी त्यांनी डोंबिवलीत हार्डवेअरचे लहानसे दुकान काढले आणि मागच्या बाजूस लाकडी बाकावर एक व्हाइस बसवला. बिघडलेली कुलुपे, स्टोव्ह, शिलाई मशिने तेथे येऊ लागली.

येथेच ठिणगी पडली. वाण्याच्या मुलाने विकावे, दुरुस्ती कसली करायची, असे मोठ्या सासऱ्यांचे म्हणणे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांपैकी अंगारकर्माचा दाखलाही त्यांनी दिला. भाऊंचे उत्तर सासूबाई नेहमी सांगत : "भट्टी मी लावत नाही. राहिला पाना. ऋषभदेव प्रभूंनी लोकांना पहिले शिल्प शिकवले ते मडके घडवण्याचे. हात मळल्याशिवाय मडके होते का?" यावर मोठे सासरे गप्प झाले, पण पटले नाही. दरवर्षी संवत्सरीला दोघे भाऊ हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत. मात्र धाकट्याच्या दुकानाची पायरी थोरला 33 वर्षांत एकदाही चढला नाही. क्षमापना मनापासून होती, यात मला शंका नाही. तरीही पायरी ती पायरीच.

माल आणायला भाऊ मस्जिद बंदरला उतरून नागदेवीत जात. चोविहार आयुष्यभर पाळला. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे परतीच्या कल्याण लोकलमध्येच जेवणे आले. त्या गर्दीत बसायला जागा कुठली! त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून एक आकडा केला होता. तो खिडकीच्या गजाला अडकवायचा, त्यात डबा बसवायचा आणि घाटकोपर-ठाण्याच्या दरम्यान उभ्याने जेवून घ्यायचे. डब्यातल्या इतर श्रावकांनी तसे आकडे मागितले, तेव्हा पट्टीचेच पैसे घेतले. जुने लाकूड रंध्याखाली घेण्यापूर्वी ते उन्हात ठेवून फटीतल्या मुंग्या निघून जाईपर्यंत थांबत. गिऱ्हाईक घाईत असले तरी थांबावे लागे. व्यवसायाच्या दृष्टीने हे काही बरे नव्हते. सासूबाईंनी त्यावरून त्यांना पुष्कळ ऐकवले आहे.

26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण-डोंबिवलीचे सखल भाग पाण्याखाली गेले. पाणी ओसरताच जो तो इमारतीचा पंप सुरू करायला धावला. ओल्या वाइंडिंगमध्ये वीज सोडली की मोटर जळते. भाऊ चिखलातून इमारतीमागून इमारत फिरले, "मेन स्विच बंद ठेवा" एवढेच सांगत. मग एकेक मोटर उघडायची, गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, बेअरिंग बदलायचे, खोक्यात दोनशे वॉटचे दिवे लावून रात्रभर वाळवायची आणि मेगरने तपासल्यावरच जोडायची. अशा 19 मोटरी त्यांनी चालू केल्या. पैसे घेतले ते बेअरिंगचे.

त्याच आठवड्यात कल्याणहून निरोप आला. पेढीत पाणी शिरून कापडाचे गठ्ठे कुजले होते आणि वह्या-कागद असलेली तिजोरी उघडत नव्हती. भाऊ गेले. कुलपातला गाळ तारेने काढून, तेल सोडून, कान लावून बसायचे, असे तीन तास चालले. वीज नव्हती. त्या तीन तासांत बॅटरी धरून मोठे सासरे स्वतः उभे होते. नोकराला धरू दिली नाही. तिजोरी उघडली. दोघांत काय बोलणे झाले ते घरी आल्यावर भाऊंनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दिवाळीआधी मोठे सासरे डोंबिवलीच्या दुकानात आले. हातात बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ होते. चहा घेऊन तासभर बसले.

शेवटच्या काही वर्षांत भाऊंच्या हाताला कंप आला. स्क्रू खाचेत बसेना. त्यांचा तो चेहरा आठवला की अजून कसेसे होते. आपण दुखणे समजतो ते देहाचे. त्यांचे दुखणे होते रिकाम्या हातांचे. सामायिकाच्या दोन घटिका त्यांना पूर्वी कमी पडत, आता दिवस मोठा वाटू लागला. मग माझी मुलगी त्यांच्या स्टुलाशेजारी बसू लागली. ते सांगत, ती करी. "आधी उलटा फिरव. टक् वाजलं की आटा बसला. मग सुलटा." हे तिला इतके पाठ झाले की बरणीचे झाकणसुद्धा ती तसेच लावते.

गेल्या चातुर्मासात उपाश्रयातल्या पक्क्या पाण्याच्या टाकीचा नळ गळू लागला. फोन नेहमीप्रमाणे भाऊंना आला. ते अंथरुणाला होते. पेटी घेऊन नात गेली. तासाभराने परत आली, तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारले, "वायसर कोणता घातलास?"

"अर्ध्या इंचाचा."

"जुना आणलास का?"

तिने खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.