चोरांनाही चहा

गणपतीत एका रात्रीपुरता आमच्या गल्लीत व्हिडिओ यायचा. साल 1988 च्या आसपासचं. औराद म्हणजे बीदर जिल्ह्याचं टोक. 1956 साली हैदराबाद राज्य मोडलं, बीदर म्हैसूर राज्यात गेलं, पण आमच्या घरातली मराठी काही हलली नाही. मराठी सिनेमा बघायचा तर मात्र उदगीरची नाहीतर देगलूरची बस धरायची. म्हणून त्या एका रात्रीचं अप्रूप. काका उदगीरहून टीव्ही गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून आणायचे. सोबत तीन कॅसेटा. पडद्यावर मुंग्या यायला लागल्या की व्हिडिओवाला झाकण उघडून कोऱ्या नोटेनं हेड पुसायचा, आणि चित्र परत येईपर्यंत अख्खी गल्ली श्वास धरून बसायची.

त्या वर्षी पहिली कॅसेट होती ‘गंमत जंमत’ची. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला, 1987 चा. पैशांच्या नडीत सापडलेले दोन मित्र, सचिन आणि अशोक सराफ, श्रीमंत घरच्या मुलीला खंडणीसाठी पळवतात. ती मुलगी वर्षा उसगांवकर, त्यांचा हा पहिला मराठी सिनेमा. किशोरकुमार मराठीत गातोय हे ऐकून काकांनी ते गाणं मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं होतं. अशोक सराफांच्या चेहऱ्यावर गुन्हेगाराचा आव आणि आतली घाबरगुंडी एकाच वेळी दिसायची. ओट्यावरची माणसं हसून हसून लोळत होती.

आज्जी हसत नव्हती. जात्याच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून ती काळजीनं बघत होती. मधेच म्हणाली, “आरं, त्या लेकराला कुणी भाकर दिली का नाही?” थोड्या वेळानं पुन्हा, “आन् ह्या दोघांनी तरी काय खाल्लं?” तिला पळवलेली पोरगी आणि पळवणारी पोरं सारखीच उपाशी दिसत होती. मग ती उठली आणि व्हिडिओवाल्यासकट सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा देऊन आली.

पुढच्या वर्षांत महेश कोठारे यांचे सिनेमे आले. ‘थरथराट’मधला टकलू हैवान, ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ. आम्ही पोरं वेडी झालो होतो, लक्ष्मीकांत बेर्डेंचं प्रत्येक वाक्य पाठ. तरी मला जीव लावला तो घाबरणाऱ्या चोरांनीच. खलनायकाला हरवायला नायक लागतो. असल्या चोरांना हरवायला एक कप चहा पुरतो.

हे मला खरं कळलं ते पुण्यात. 1996 साली शिकायला होतो तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात ‘द लेडीकिलर्स’ पाहिला. ईलिंग स्टुडिओचा, 1955 चा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या कललेल्या घरात एक म्हातारी पोपट पाळून राहते. तिच्याकडे खोली घेतो अ‍ॅलेक गिनेस, मोठमोठे दात लावलेला प्रोफेसर. त्याची पाच जणांची टोळी वर खोलीत वादनाचा सराव करतोय असं भासवते. वाजते ती ग्रामोफोनची तबकडी. त्या सुरांआड दरोड्याचा बेत रंगात येतो न येतो तोच दारावर टकटक होते. म्हातारी विचारते, चहा हवा का? पाची जण लगबगीनं वाद्यं हातात घेतात. पुन्हा टकटक. पुन्हा चहा.

म्हातारीचं काम केटी जॉन्सन यांनी केलंय. 75 पार केलेली ही बाई आयुष्यभर छोट्या भूमिका करत आली होती. या भूमिकेनं तिला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवून दिला. चोर लुटीची पेटी तिच्याच हातून स्टेशनवरून आणवतात. टॅक्सीत नोटांची पेटी, आणि वाटेत गाडीवरची फळं खाणाऱ्या घोड्याला फळवाला मारताना दिसतो. बाई टॅक्सी थांबवून खाली उतरतात, त्याला झापायला! लांबून बघणाऱ्या चोरांचा जीव टांगणीला. मी अंधारात बसून हसत होतो आणि डोळे भरून आले होते. लुगडं नेसवलं असतं तर ती आमच्या ओट्यावर शोभली असती.

दिवाळीला औरादला गेलो तेव्हा आज्जी करंज्यांचं पीठ मळत होती. तिला सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हातारीला सारं समजतं, मग तिला कुणी मारायचं हे ठरवायला चोर काड्या ओढतात, इथवर आलो तेव्हा तिचे हात थांबले.

“मग?”

“कुणाचा हात उठला नाही. आपसातच मेले सगळे. पैसे तिच्याकडेच राहिले. पोलिसांत सांगायला गेली, तर कुणी खरं धरलं नाही.”

“कसा उठंल हात? रोज तिच्या हातचा चहा पिलेत की.” पीठ पुन्हा मळायला घेतलं. जरा वेळानं मान वर केली. “आन् ते घोडं? त्याला मग फळं खाऊ दिली का नाही?”

मला आठवेना. पुन्हा बघून सांगतो म्हणालो.