दुभाष्याचे ऋण

सहामाही परीक्षा संपली त्या सायंकाळी आम्ही वर्गातील मुले मोठ्या हौसेने शाळेच्या सभागृहात जमलो. गुरुजी 'द किलिंग फील्ड्स' हा १९८४ सालचा युद्धपट दाखविणार होते. युद्धपट म्हणजे तोफांचा गडगडाट आणि शेवटी विजयाचा जयघोष, अशी आमची समजूत! परंतु पडद्यावर आम्हांस दिसली ती युद्धात होरपळलेली कंबोडियातील साधी माणसे, आणि त्यांची हकीकत जगास कळविणारे दोघे स्नेही: 'न्यूयॉर्क टाइम्स'चे वार्ताहर सिडनी शॅनबर्ग व त्यांचे कंबोडियन दुभाषी सहकारी डिथ प्रान.

ही कथा खरी आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज सैन्याने राजधानी नोम पेन्ह जिंकली. शॅनबर्ग व त्यांचे सोबती पकडले गेले, तेव्हा प्रान यांनी जिवावर उदार होऊन सैनिकांची मनधरणी केली आणि सर्वांना सोडविले. पुढे फ्रेंच वकिलातीत आश्रय मिळाला. पण तो परदेशीयांपुरताच. चित्रपटात मित्र प्रानसाठी खोटे पारपत्र तयार करतात, आणि त्यावरील छायाचित्रातील चेहराच पुसट होत जातो. त्या क्षणी सभागृहात कोणी हूं की चूं केले नाही.

आमच्या या सीमेवरील गावात घरी मराठी, बाजारात कानडी, असा आमचा नित्यक्रम. एकाचे म्हणणे दुसऱ्यास समजावून सांगणे आमच्या अंगवळणी पडलेले. म्हणूनच प्रान आम्हांस परके वाटले नाहीत. ज्या भाषाज्ञानाने त्यांनी इतरांना उपयोग करून दिला, तेच ज्ञान नव्या राजवटीत गुन्हा ठरले. शिकलेली माणसे वेचून मारली जात होती. अक्षरशत्रू असल्याचे सोंग घेऊन, उपाशीपोटी शेतांत राबून, त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ काढला आणि १९७९ मध्ये थायलंडची सीमा गाठली. त्यांची भूमिका करणारे हाइंग न्गोर यांनीही त्याच राजवटीत आपण डॉक्टर असल्याचे लपवून प्राण वाचविले होते. त्या भूमिकेसाठी त्यांना पुढे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

चित्रपट संपल्यावर आमच्यात दोन तट पडले. प्रान यांनी बायकामुलांना आधीच देशाबाहेर पाठविले होते. मग शॅनबर्ग यांनी त्यांनाही जाण्याचा आग्रह का धरला नाही? काही म्हणाले, ते स्वेच्छेने थांबले. इतर म्हणाले, संकटात मित्राच्या होकारावर विसंबणे हा न्याय नव्हे. १९७६ साली शॅनबर्ग यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते त्यांनी प्रान यांच्याही वतीने स्वीकारले. त्या वेळी प्रान जिवंत आहेत की नाहीत, हेही त्यांना ठाऊक नव्हते. तो सन्मान त्यांना किती जड झाला असेल!

आमचा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र वाचनालयात दूरदेशीच्या युद्धाची बातमी वाचताना आम्ही आता वार्ताहराच्या नावापाशी क्षणभर थांबतो. त्या नावाशेजारी आणखी एक नाव असते. ते छापलेले नसते, एवढेच.