परड्यातली लिची

आमच्या गावच्या घरी, परड्यात, लिचीचं एक झाड आहे असं मी कॉलेजात कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: "मग लिच्या किती येतात?" या प्रश्नाला कितीतरी वर्षं माझ्यापाशी एकच उत्तर होतं आणि ते देताना मी उगाचच चष्मा पुसत असे.

झाड आलं ते वहिनीबरोबर. दादा रेल्वेत. नोकरीनिमित्त बिहारात मुजफ्फरपूरला गेला आणि तिथल्याच एका शिक्षकाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. ही गोष्ट १९९९ ची. अण्णांना ते लग्न मान्य नव्हतं. म्हणून त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. ते नुसते गप्प बसले. आणि आमच्या अण्णांचं गप्प बसणं आरडाओरड्यापेक्षा फार महाग पडतं.

त्या जूनमध्ये वहिनी पहिल्यांदा संगमेश्वराकडच्या आमच्या घरी आली. ट्रंक दादाच्या हातात होती. तिच्या हातात लिचीचं गुटी कलम. दोन रात्रींच्या गाडीनं त्याची निम्मी पानं गळली होती. शिवाय जुनेराच्या फडक्यात बांधलेली मातीची एक पुरचुंडी. "कोकणात काय माती नाही?" आई माझ्या कानाशी पुटपुटली. वहिनीनं मात्र खड्ड्यात आधी ती माती ओतली आणि मगच कलम लावलं. वडिलांच्या जुन्या झाडाच्या बुंध्याशी असलेली ती माती. नवं झाड लावताना जुन्याखालची माती घालायची, अशी तिकडची रीत. पुढं फार वर्षांनी आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला सांगितलं, की लिचीच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी सख्य करून राहते, मुळांना अन्नपाणी मिळवून देते, आणि जुन्या मातीतून ती नव्या झाडाला मिळते. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रुखवतच की!"

झाड जगलं. नुसतं जगलं नाही, सव्वाशे इंच पावसात आणि जांभ्याच्या तांबड्या मातीत चांगलं फोफावलं. वर्षातून चार-पाच वेळा त्याला पालवी फुटे. लिचीची कोवळी पालवी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी चिंचेनं नुकताच घासलेला तांब्या डोळ्यांपुढं आणावा. एका वर्षी पानांच्या खालच्या बाजूला तपकिरी मखमल चढल्यासारखी दिसू लागली. आम्ही कौतुकानं पाहत होतो. वहिनीनं मात्र कोयती घेतली, तेवढ्या डहाळ्या छाटल्या आणि चुलीत घातल्या. डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या किड्याचा तो पराक्रम होता.

पण मोहोर म्हणून नाही. शेजारी आंबा मोहरे, काजू मोहरे, आणि ही बाई आपली पुन्हा नवं लुगडं नेसून उभी! अण्णा झाडाकडे बघत नसत. वहिनीशीही ते बोलत नसत. दादाच्या बदल्या चालूच होत्या, वहिनी गावीच राहिली होती, आणि अण्णांचं तिच्याशी जे काय बोलणं व्हायचं ते आईच्या मार्फत. "तिला सांग, चहा नको."

अशी आठ वर्षं गेली. वहिनीला मूल नव्हतं. (पुढंही झालं नाही. हे आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचक त्या आशेनं पुढं वाचणार नाहीत.) २००७ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर गावी होतो. शेजारचे एक गृहस्थ ओटीवर पान जमवत बसले होते. परड्याकडे मान वळवून ते म्हणाले, "अहो, वांझ झाड ते. तोडा आणि दोन माड लावा."

वहिनी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो, की शब्द निर्दोष असतात, दोष वापरणाऱ्याचा. त्या दिवशी ते माझं मलाच पटेना.

झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. अण्णा उठून उभे राहिले होते. "आमच्या झाडाला नावं ठेवायची नाहीत," ते म्हणाले. गृहस्थांनी पानाचा डबा मिटला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी अण्णांनी माजघराच्या दाराशी येऊन विचारलं, "सूनबाई, तुमच्याकडे थंडी किती पडते?"

आई मध्ये बोलायला गेली आणि गप्प राहिली. वहिनी सांगू लागली. पौष-माघातलं धुकं, दारोदारच्या शेकोट्या, रजया. पारा रात्री आठ-दहापर्यंत उतरतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग हिला इथं झोपच लागत नसेल."

अण्णांचं शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतचं, पण आमच्या प्राध्यापकांनी मला पुढं सांगितलं ते याहून फार वेगळं नव्हतं. लिचीच्या फांदीच्या टोकाचा डोळा पान व्हायचं की फूल, हे आयत्या वेळी ठरवतो. पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाली, झाडाची वाढ थांबली आणि त्यावर काही आठवडे चांगली थंडी मिळाली तर फूल. ऊब आणि ओल राहिली तर पान. कोकणात पौषातसुद्धा पांघरूण घ्यावं की नाही यावर घरात दोन पक्ष पडतात. मग ती बिचारी पानंच काढणार. वायनाडात आणि कोडगूत, म्हणजे आपल्याहून दक्षिणेला, ती फळते; कारण तो मुलूख उंचावर आहे. तिथं फळ येतं तेही ऐन हिवाळ्यात! ही लिची रिठ्याच्या कुळातली, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. ते ऐकून वहिनी केस धुताना स्वतःशीच हसली.

शेवटी २०१६ च्या सप्टेंबरात आम्ही उपाय केला. जाड फांद्यांपैकी निम्म्यांवर सालीचं एक बारीक कडं, करंगळीच्या नखाच्या निम्म्या रुंदीचं, लाकडापर्यंत काढायचं. पानांनी केलेलं अन्न मग मुळांकडे उतरत नाही, वरच राहतं. गुटीलाही अशीच साल काढतात, म्हणून वहिनीचा हात त्यात तयार होता. ती सुरी चालवीत होती, मी शिडी धरली होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा खालून सूचना देत होते. त्यांतली एकही ऐकण्यासारखी नव्हती. पाऊस सरल्यावर झाडाचं पाणी तोडलं. थंडीही त्या वर्षी जरा बरी पडली.

फेब्रुवारीत एका, फक्त एकाच फांदीवर मोहोर आला. हिरवट पिवळा, पाकळ्यांवाचूनचा, दिसायला अगदी गरीब. अण्णा रोज सकाळी गूळ-पाणी घेण्याआधी फळं मोजून येत. चाळीस. सव्वीस. चौदा. वटवाघळांच्या भीतीनं त्यांनी आपलं जुनं धोतर फाडून घोसाला बांधलं. मेमध्ये नऊ उरली. दादा रजा काढून आला, मीही गेलो.

पहिलं फळ अण्णांनी वहिनीच्या हातावर ठेवलं. तिनं साल सोलली, गर तोंडात टाकला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं बी तळहातावर काढली आणि म्हणाली, "खोटं नाही बोलणार, अण्णा. आंबट आहे."

"असेना," अण्णा म्हणाले. "बी किती दिवस टिकते?"

"वाळली की गेली. फार तर चार-पाच दिवस."

अण्णा कुदळ शोधायला पडवीत गेले होते.