माथेरानचा न कळविलेला पाहुणा

१९०७ साली नेरळहून माथेरानास आगगाडी आली. प्रवाशांच्या मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्याशीच थांबतात. पुढे घोड्यावरून किंवा पायी तांबड्या मातीची वाट. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे दोन दिवसांकरिता बंगली घेतली होती. शेजारच्या बंगलीत संध्याकाळी एक कुटुंब उतरले. कळविलेली माणसे पाच. सहावा निघाला केसाळ कुत्रा!

रखवालदार गांगरला. मुलाबाळांना अंधारात घालवून कसे द्यावे? गप्प बसावे, तर नुकसान त्याच्याच पगारातून कापले जाणार. अखेर त्याने मालकांस फोन केला. साफसफाईचा जादा आकार पाहुण्यांसमक्ष ठरला. कुत्र्यास पडवीत जागा मिळाली. वाटेवर घोडे आणि झाडांवर माकडे, म्हणून बाहेर नेताना साखळी हवी, असेही त्याने नम्रपणे बजावले.

प्राणी बरोबर आणणे हा अपराध नव्हे. तो लपविणे मात्र अन्याय आहे. त्याच्या अंगचा कोंडा केर काढल्यावरही गाद्यांत राहतो, आणि उद्या त्याच गादीवर एखादे दमेकरी मूल निजावयाचे असते. अतिथीस देव मानणाऱ्या घरांनी स्वतः अतिथी होताना एवढे सत्य तरी पाळावे, असे आम्हांस वाटते.