पोरीचं एम.एफ.ए. आणि माझा हिशेब

मुलीनं एम.एफ.ए. करू नये, असं माझं मत होतं आणि ते मी घरात, दुकानात, पाहुण्यारावळ्यांत मोठ्यानं सांगत होतो. पुण्यात राहून बी.एफ.ए. झालं, आता एखाद्या जाहिरात कंपनीत नाहीतर शाळेत चिकटावं. चित्रं काढायला आणखी दोन वर्षं कॉलेजात कशाला बसायचं? आज ती हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात मुद्राचित्रण शिकते आहे आणि तिच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. ओळखीची माणसं विचारतात, पेंटर, एकदम पलटी कशी मारली? तोंडी सांगायला गेलं की निम्मं राहतं, म्हणून लिहितोय.

मी कर्जतचा. लोकल जाते ते रायगडातलं कर्जत नव्हे, गोदड महाराजांचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. मुलीचा पोर्टफोलिओसुद्धा एकदा कुरिअरनं त्या कर्जतला जाऊन आला. आमच्याकडे कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की बाजारात पैसा फिरतो, नाही सुटलं की उधारीची वही जाड होते. रेहेकुरीची काळविटं आणि सिद्धटेकचा गणपती बघायला बाहेरची माणसं येतात. चित्रं बघायला कोणी येत नाही. शाळेतली पोरं इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसतात, कारण ए ग्रेडला दहावीत ७ गुण वाढून मिळतात, बीला ५ आणि सीला ३. गावात चित्रकलेची किंमत या तीन आकड्यांत मावते, आणि गुण देणारा तरी कोणीतरी आहे म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही.

मी स्वतः ए.टी.डी. केलेलं आहे. कलाशिक्षक पदविका. नव्वदच्या सुमाराला ते हातात असलं की नोकरी लागते असा समज होता. मी मुलाखतीला गेलो तिथे चित्रं कोणी उघडून बघितली नाहीत, आकडा सांगितला. संस्थेचं नाव लिहीत नाही, तेव्हा तशा पुष्कळ होत्या. आकडा माझ्या वडिलांच्या आवाक्याबाहेरचा होता. मग मी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दूध संघाच्या भिंती, निवडणुकीतली चिन्हं रंगवायला लागलो. दोरीला खडू लावून भिंतीवर ओळ मारायची आणि त्यात अक्षर बसवायचं, हे काम मला झकास यायचं. पुढे फ्लेक्स आला. वर्ष-दोन वर्षं ब्रश धरून बसलो, नंतर बँकेत गेलो, कर्ज काढलं आणि मशीन आणलं. आता वाढदिवस, दहावे, नेत्यांचं अभिनंदन हे सगळं फुटाच्या दरानं छापतो. जयंत्यांच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत रात्रभर मशीन चालतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की माझा नकार कुठून येत होता ते कळावं. लोकांना मी सांगायचो की पैसे नाहीत. ते खरं होतं, पण निम्मंच. माझ्या पदविकेचं काय झालं ते मी पाहिलेलं, आणि पोरीच्या पदवीचं वेगळं काही होईल यावर माझा विश्वास नव्हता. आणखी एक लिहितो, बरं वाटत नाही तरी: तिच्या लग्नासाठी पतपेढीत ठेव होती आणि ती मोडायचा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नव्हता. लग्नाला कमी पडले असते तर मी कर्ज काढलं असतं. हे तिच्या आईनं मला ऐकवलं, भाकरी थापता थापता, मागे वळूनसुद्धा न बघता.

वादात माझा हुकमी पत्ता होता शशिकांत धोत्रे. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचा हा चित्रकार काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं बायका, पोरी, घरातले उंबरे असे काढतो की साडीची जर चमकताना दिसते. देशभर नाव झालं. मी म्हणायचो, बघ, त्याच्याकडे कुठं पदवी आहे? ज्याच्या हातात आहे त्याला कॉलेज लागत नाही. मुलगी एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही गोष्ट अर्धी सांगता. त्यांना जे. जे.त प्रवेश मिळाला होता. पैसे नव्हते म्हणून सोडावं लागलं." मला ते माहीत होतं. पण सांगताना मी ते वाक्य गाळत आलो होतो. आपल्याकडे अशा गोष्टी मोठ्या आवडीनं सांगतात, आणि पैशाअभावी ज्यांचं शिकणं सुटलं आणि चित्रही सुटलं त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. ती माणसं माझ्यासारखी फ्लेक्स छापत असतात.

तिनं मग दुसरं नाव पुढे केलं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म १८९१. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोरानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलेलं, ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडायची सोय केली. पुढे करमरकर लंडनलाही शिकून आले आणि पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्या हातून झाला. मी म्हटलं, आता असा कलेक्टर कुठून आणू? ती म्हणाली, "आता कलेक्टर नको, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पुरतो." हसू आलं. पण तिचं म्हणणं खरंच होतं, आणि तिथून आम्ही पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसलो.

तोवर 'एम.एफ.ए.चा खर्च' म्हणजे माझ्या डोक्यात एकच मोठा, धूसर आकडा होता. तो बनला होता इंजिनीअरिंगच्या फिया ऐकून, खासगी डिझाइन कॉलेजांच्या जाहिराती बघून, आणि पुण्यात परदेशी कला-शिक्षणाच्या एका एजंटानं घेतलेल्या बैठकीत कानावर पडलेल्या रकमांवरून. तिनं यादी मांडली ती वेगळीच होती. मुंबईचं जे. जे., १८५७ साली सुरू झालेलं आणि २०२३ पासून अभिमत विद्यापीठ, बडोद्याची १९५० सालची ललित कला शाखा, रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातलं कलाभवन, जिथे कोल्हापूरचे विनायकराव मासोजी आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक होते, बनारस, हैदराबाद. यातली शेवटची तीन केंद्रीय विद्यापीठं. तिथली एका सत्राची फी काही हजारांत. मी दुकानात एका वेळेला शाई मागवतो, त्याचं बिल त्याहून मोठं असतं.

तेव्हा फी हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता खोली, मेस, कागद, शाई, रेल्वेचं तिकीट, आणि या दोन वर्षांत ती जे कमावणार नाही ते. सगळं मिळून आकडा तीन लाखांच्या आत आला. मशीनसाठी मी काढलेलं कर्ज याच्या तिपटीपेक्षा जास्त होतं आणि ते काढताना मला एक रात्रही जागायला लागली नव्हती.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. आकड्यानं तोंड बंद झालं, मन वळलं नव्हतं. ते वळलं छपाईवरून. तिला मुद्राचित्रणच का, असं विचारलं तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईनं रेघ ओढून तो खरवडायचा, पत्रा आम्लात सोडायचा. जिथं लेप निघालाय तिथंच आम्ल खातं. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि जड रुळाखालून पत्रा काढायचा. शिळाछापाचं आणखी निराळं: दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, पाणी फिरवायचं, तेल-पाण्याचं जमत नाही, तेवढ्यावर सगळी विद्या. आपल्याकडच्या घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या जुन्या तसबिरी अशाच दगडांवरून निघाल्या. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ट्रॉल्यांवर मी जी लक्ष्मी काढायचो ती त्या छापाची नक्कल होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर घरच्या पोरीकडून कळलं.

आता मी छपाईवाला माणूस. मी लगेच विचारलं, तो प्रेस केवढ्याला येतो? चांगला, मोठ्या रुळाचा प्रेस लाखांत जातो. वर आम्लाची सोय, धूर जायला पंखे, दगड, ते घासायची जागा, आणि हात धरून शिकवणारं माणूस. हे कर्जतमध्ये होणार नाही, पुण्यात भाड्याच्या खोलीतही नाही. विद्यापीठात हे सगळं दोन वर्षं वापरायला मिळणार, काही हजार रुपये सत्राला देऊन. कोणी मला सांगितलं असतं की लाखांचं मशीन दोन वर्षं चालव, वर कारागीर शिकवायला देतो, तर मी पळत गेलो असतो. एवढे दिवस मला वाटत होतं ती कागदाच्या तुकड्यासाठी चाललीय. ती मशीनकडे चालली होती.

माझं मत त्या संध्याकाळी बदललं. बाकीची धावपळ सरकारी आहे, पण तिच्यातच लोक अडकतात म्हणून थोडी सांगतो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची निम्म्या फीची सवलत आणि २०२४ च्या जुलैत जाहीर झालेली मुलींची पूर्ण फीमाफी, दोन्हींना कुटुंबाच्या उत्पन्नाची अट ८ लाखांची. पण त्या राज्यातल्या महाविद्यालयांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्यांसाठी. राज्याबाहेर गेलो की त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिना ५ हजार, दोन वर्षं; अर्ज केला, मिळेल असं धरून चाललो नाही. राहिलं कर्ज. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि आपला हिस्साही भरावा लागत नाही, आई-बाप सहकर्जदार. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत केंद्र सरकारच्या संस्था येतात आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते. 'शकते' म्हणतो, कारण प्राधान्य तांत्रिक आणि व्यावसायिक शाखांना आहे. आम्ही ती सूट शून्य धरली.

बँकेतल्या साहेबांनी फाइल उघडून विचारलं, "पेंटिंगला कर्ज? नोकरी काय लागणार?" रास्त प्रश्न आहे आणि माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. पदव्युत्तर पदवी आणि दृश्यकलेची नेट असली की कला महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होता येतं, हे कागदावर. प्रत्यक्षात जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर माणसं वर्षानुवर्षं शिकवतात. शाळांचं तर शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तरच, कलेला अंशकालीन निदेशक ठेवला आहे. मी साहेबांना म्हटलं, नोकरी लागलीच नाही तर दुकान आहे, हप्ता मी भरीन. फ्लेक्सच्या मशीनच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतं का, उद्या फ्लेक्सवर बंदी आली तर काय करशील? ते हसले, पुढची सही कुठे ते दाखवलं.

एका विद्यापीठात तिचं नाव लागलं नाही. हैदराबादला लागलं. दौंडला नेऊन गाडीत बसवली, तिच्या आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला, बाकी रडारड सगळ्यांच्या घरी होते तशीच. पतपेढीतली ठेव आम्ही मोडली नाही, तीही आईच्याच सांगण्यावरून: आधी कर्ज, अडलं तर ठेव.

परदेशाबद्दल मात्र माझं मत होतं तेच आहे. शिष्यवृत्ती पूर्ण असेल तर जरूर जावं. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूपी शिष्यवृत्ती देते, तीही बघावी. पण सातबारा गहाण टाकून चित्रकला शिकायला लंडन-न्यूयॉर्कला पोर पाठवायला मी कोणाला सांगणार नाही, मला कोणी जुनाट म्हटलं तरी. पावसावर जगणाऱ्या तालुक्यात जमीन परत सुटत नाही.

आमच्या भागात आणखीही घरं असतील जिथं एखादं लेकरू असलंच काही मागत असेल आणि बाप माझ्यासारखा मोठ्यानं नाही म्हणत असेल. त्यांना एवढंच सांगतो: नाही म्हणायचंच असलं तर खर्चाचा कागद मांडून म्हणा, ऐकीव आकड्यावर म्हणू नका. आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा असेल तर नॉन-क्रीमी लेयर, हे सगळं एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.