शाळेची घंटा, तीन मिनिटं आणि माझी चूक



आज माझी एक चूक सांगायची आहे. चूक माझी होती, पण बोलणी खाल्ली चौथीतल्या एका मुलीने.

आमच्याकडे घंटा वाजवायचं काम मुलांच्या पाळीवर असायचं. तास रंगला की घंटा राहून जायची. म्हणून मी एक स्वयंचलित घंटा तयार केली. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, व्हिडिओ बघत चुकतमाकत शिकले. एटमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, एक रिले आणि बेल, एवढंच सामान. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. रोज साडेदहाला परिपाठाच्या वेळी मोबाइल बघून बटण दाबायचं, की पाच वाजेपर्यंतच्या सगळ्या घंटा आपोआप. गावात कौतुकही झालं.

पंधरा दिवसांनी लक्षात आलं, की ही मुलगी मधल्या सुट्टीनंतर रोज उशिरा येते. घर जवळ, जेवायला घरी जायची. एकदा मी सगळ्यांसमोर रागावले. ती हळूच म्हणाली, "बाई, मी घड्याळ बघूनच निघते. घंटाच लवकर वाजते."

मी काय म्हणाले असेन? "घंटा मशीनची आहे. मशीन चुकत नाही." ती गप्प बसली.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा मोबाइल माझ्या हातात होता. त्यावर ४ वाजून ५४ मिनिटं झाली होती! दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. दोनची घंटा १ वाजून ५७ मिनिटांनी, पाचची परत सहा मिनिटं आधी. मुलगी बरोबर होती.

असं का झालं?

मायक्रोकंट्रोलरला वेळ कळत नाही, त्याला फक्त ठोके मोजता येतात. हे ठोके देणाऱ्या भागाला ऑसिलेटर म्हणतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये ८० लाख ठोके म्हणजे एक सेकंद असा हिशोब होता. सुटे भाग वाचवायचे म्हणून मी चिपच्या आतलाच ऑसिलेटर वापरला होता. तो रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जोरावर चालतो, आणि तापमान किंवा व्होल्टेज बदललं की त्याचा वेगही बदलतो. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय, की कारखान्यातून येताना त्यात १० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. मी ते वाचलंच नव्हतं.

माझी चिप दीड टक्का पुढे होती. सेकंदाला ८० लाखांऐवजी साधारण ८१ लाख २० हजार ठोके. दीड टक्का ऐकायला किती कमी वाटतं! पण साडेदहा ते पाच म्हणजे ३९० मिनिटं. त्याचा दीड टक्का काढा, जवळजवळ सहा मिनिटं येतात.

आणि त्या मुलीच्या घरचं घड्याळ? भिंतीवरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ. त्यातला क्वार्ट्झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि तो वेग सहजासहजी बदलत नाही. माझ्या मशीनपेक्षा ते घड्याळ कितीतरी अचूक होतं.

दुरुस्ती कशी केली?

चिपला बाहेरून अचूक ठोका द्यायचा ठरवलं. ८ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ ऑसिलेटर आणला. चार पायांची छोटी पत्र्याची डबी असते. कुणाला करून बघायचं असेल तर हे लक्षात ठेवा:

- चिप ५ व्होल्टवर चालवत असाल तर ऑसिलेटरही ५ व्होल्टचाच घ्या.
- डबीला ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. त्या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ लावा.
- डबीचा आउटपुट पाय २८ पायांच्या चिपच्या ९ नंबरच्या पायाला जोडा. १० नंबरचा पाय मोकळा ठेवा. वायर आखूड हवी.
- आता चिपला 'ठोका बाहेरून घे' असं सांगावं लागतं. त्या सेटिंगला फ्यूज म्हणतात. हे काम जोडणी झाल्यावरच करा.

शेवटची सूचना मी अनुभवाने लिहिते आहे. मी घाईत आधी फ्यूज बदलला आणि डबी जोडायची राहिली. चिप एकदम गप्प. प्रोग्रॅमरला ती सापडेचना. मला वाटलं, जळाली. रात्री दुसरी चिप मागवायला निघाले होते. सकाळी सहज डबी जोडली आणि चिप लगेच बोलू लागली! तिला काहीच झालं नव्हतं. बाहेरून ठोका येईल म्हणून ती वाट बघत होती.

माझ्या ऑसिलेटरवर ५० पीपीएम असं लिहिलंय, म्हणजे दहा लाखांत जास्तीत जास्त ५० ठोक्यांचा फरक. शाळेच्या पूर्ण दिवसात फार तर सव्वा सेकंद. तापमानाचा परिणाम भरून काढणारे याहून अचूक ऑसिलेटरही मिळतात, पण घंटेला एवढं पुरे. (बेलची २३० व्होल्टची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घेतली. मुलांना तिथे हात लावू देऊ नका.)

वर्गात काय घेता येईल?

१. डोळे मिटून मनात एक मिनिट मोजायचं, झालं की हात वर. आमच्या वर्गात चाळीस सेकंदांनाच हात वर यायला लागले! प्रत्येकाच्या आतला ठोका वेगळा, हे मुलांना लगेच कळतं.

२. २५ सेंटिमीटर दोऱ्याला दगड बांधून लोलक करा. लांबी गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत मोजा. हलकेच झोका दिला की एक फेरी, जाऊन परत येणं, साधारण एका सेकंदात होते. आता लोलकाच्या मदतीने मिनिट मोजा. सगळ्यांचे हात जवळपास एकदम वर येतात.

३. ३२,७६८ ला २ ने भागत जा. पंधराव्या भागाकाराला उत्तर १ येतं. घड्याळातली चिप असंच करून एक सेकंद मिळवते. भागाकाराचा सराव मुलं न कंटाळता करतात.

हे उपक्रम घेण्याआधी एक काम करायचं होतं. परिपाठाला उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "घंटा चुकत होती. ही बरोबर सांगत होती, आणि मी तपासून न बघता हिला रागावले. माझं चुकलं." ती लाजली. मग म्हणाली, "बाई, आता रोज मी बघू का, घंटा बरोबर वाजते का ते?"

तेव्हापासून पाचच्या घंटेला ती घड्याळासमोर उभी असते आणि फरक वहीत लिहिते. बहुतेक दिवशी शून्य.

मित्रहो, मूल उशिरा आलं तर जरूर विचारा. पण ते "घंटाच लवकर वाजते" म्हणालं, तर आधी घंटा तपासा.