मेंढपाळाचं देणं

ज्या माणसामुळे मी आज जिवंत आहे, त्याला मला वाचवायचंच नव्हतं. त्याला त्याची मेंढरं वाचवायची होती. हे पुढे त्यानंच मला सांगितलं, तेही जरा घुश्श्यात.

साल 1959. एचटी-2 आणि हार्वर्ड ही शिकाऊ विमानं उडवून झाल्यावर आमची तुकडी सिकंदराबादजवळ हकीमपेटला व्हॅम्पायर शिकायला आली होती. डी हॅविलंड कंपनीचं हे विमान इंग्लंडात 1943 साली पहिल्यांदा उडालं, 1948 मध्ये आपल्याकडे आलं आणि आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट ठरलं. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्येही ते तयार होऊ लागलं. रूप विचित्रच. मध्ये आखूड, फुगीर धड, त्यातच वैमानिक आणि इंजिन. मागे दोन लांब दांड्या आणि त्यांना जोडणारी आडवी शेपटी. त्यातही धडाचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्साच्या लाकडाचा! माझे वडील सुतार, बैलगाड्या करायचे. सुटीत घरी गेल्यावर मी हे कौतुकानं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "जोड कशानं धरलाय?" मी म्हटलं, चिकटवलाय. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

आमचे प्रशिक्षक उडता उडता मध्येच थ्रॉटल मागे ओढायचे आणि विचारायचे, "आता कुठे उतरशील?" उत्तर तोंडावर हवं. तो मुलूख खडकाळ. सपाट जागा म्हणजे एक तर बांधांनी चिरलेली भातखाचरं, नाहीतर उन्हाळ्यात आटलेले तलाव. काकतीयांच्या काळापासून तेलंगणात गावोगाव तलाव बांधलेले. मी त्यांचे तळ पाठ करून ठेवले होते.

त्या दिवशी मी एका आसनाच्या व्हॅम्पायरमध्ये एकटाच होतो. या विमानाची हवा ओढणारी तोंडं पंखांच्या मुळाशी असतात. डाव्या तोंडात गिधाड गेलं. दणका, मग खरखर, मग तापमानाचा काटा सरसर वर. इंधन बंद केलं आणि उरला तो काचेवरून जाणारा वारा. उडी मारावी तर इजेक्शन सीट नाही, आणि शेपटी नेमकी पाठीमागे. विमान उलटं करून खाली पडायचं, अशी तिथे शिकवण होती. त्याला उंची लागते. ती माझ्याकडे नव्हती.

म्हणून तलाव. चाकं आतच ठेवली. मऊ मातीत चाक रुतलं तर विमान कोलांटी खातं. पोटावर टेकवलं तर घसरत जातं, आणि जेटला पंखा नसल्यामुळे मातीत अडकायला पुढे काही नसतं. वरची काच उडवून दिली, पट्टे आवळले. शेवटचं वळण घेऊन समोर बघतो तर अख्ख्या तळभर मेंढरं! बंद इंजिनाला दुसरी फेरी नसते.

मेंढपाळाला माझी चाहूल फार उशिरा लागली असणार. तो पळाला नाही. काठी उगारून, ओरडत तो थेट एडक्याकडे धावला आणि त्याला तलावाच्या बांधाकडे वळवलं. एडका वळला तसा कळप वळला आणि मध्ये वाट मोकळी झाली. त्या वाटेत मी सुमारे 100 नॉट वेगानं, म्हणजे ताशी 185 किलोमीटरनं टेकलो. मागे रेंगाळलेली काही मेंढरं गेली. ते मला आजही नीट सांगवत नाही.

"हिलो नक्को!" म्हणत त्यानं मला बाहेर ओढलं. भर उन्हात मला हुडहुडी भरली होती. त्यानं स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकली. तोवर गाव जमलं. विमानातून गळणाऱ्या इंधनाला रॉकेलचा वास, कारण ते जवळपास रॉकेलच. बायका घागरी घेऊन आल्या. त्यांना त्यानं ज्या शिव्या घातल्या, त्या तेलुगूत असूनही मला कळल्या.

चौकशीत त्याची साक्ष झाली. विमानाचा वेग किती होता, असं विचारल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं, "एडक्याहून जास्त."

पगारातून मी त्याला मनीऑर्डर पाठवली. परत आली. मग स्वतःच गेलो. त्यानं हिशेब समजावला. मेलेली मेंढरं त्याच संध्याकाळी गावात कापून विकली गेली होती. विमान बघायला चार गावचे लोक लोटले होते, भाव चांगला मिळाला. एका मेंढराचे दोनदा पैसे कसे घ्यायचे? उपकाराचं म्हणशील, तर मी एडका वळवला, तू मध्ये आलास. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घोंगडी मात्र त्यानं परत मागून घेतली.

पुढे पाकिस्तानशी झालेल्या लढाईत, 1 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळी, छांबवर आपली चार व्हॅम्पायर पडली. लढाई थांबल्यावर फिरत फिरत मला एक पत्र आलं, शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं. त्यात एवढाच प्रश्न होता: तू त्यात होतास का? मी तोवर डाकोटावर गेलो होतो. तसं उलटटपाली कळवलं. या विमानाला इंजिनं किती, असं त्यानं पुढच्या पत्रात विचारलं. दोन, मी लिहिलं. बरं झालं, असं उत्तर आलं आणि खाली थोरल्या मुलीच्या लग्नाची तारीख. मी रजेचा अर्ज टाकला.